कोल्हापुरात राहून बिअर शिकायची तर

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "तू तिकडं शेफिल्डला घरी बिअर करायचास म्हणं. इथं कशी करायची ते सांग की." माझं उत्तर ठरलेलं आहे: इथं करायची नाही. मग चेहरे पडतात, आणि मला अर्धा तास बसून पुढचं सगळं सांगावं लागतं. ते एकदाच लिहून टाकतो.

मी धातुशास्त्र शिकायला दोन वर्षं शेफिल्डला होतो, आता शिरोलीत फाउंड्रीत आहे. शेफिल्ड पोलादाचं गाव, आणि भट्टीपुढं घाम गाळणाऱ्यांचं गाव असल्यामुळं बिअरचंही. तिथं घरमालकाच्या परवानगीनं स्वयंपाकघरात पहिली बॅच लावली, ती ओतून द्यावी लागली. दुसरीही. तिसरी पिण्याजोगी झाली. त्या दोन बॅचमध्ये ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून क्रमानं लिहितोय.

१. आधी कायदा

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. नाव जुनं वाटलं तरी कायदा जिवंत आहे. कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, आणि त्यात बिअर आली. कलम ६५ मध्ये शिक्षा आहे, तुरुंगवासासकट. "घरच्यापुरतं", "विकणार नाही", "पाचच लिटर" यातलं काहीही तिथं चालत नाही. कायद्याच्या नजरेत तुमचा स्टीलचा डबा आणि ओढ्याकाठची हातभट्टी यांत फारसा फरक नाही. ऑनलाइन किट मिळतं, माल्ट मिळतं, यीस्ट मिळतं. वस्तू मिळते म्हणजे ती वापरून बिअर करायची मुभा मिळते असं नाही. नवख्यांचा पहिला घोटाळा इथंच होतो.

प्यायलासुद्धा परवाना लागतो, हे अनेकांना चाळिशीपर्यंत माहीत नसतं. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक मद्यासाठी २५. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, अर्ज ऑनलाइन करता येतो. जवळ ठेवा:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा (बहुतेकांचं काम आधारवर भागतं)
- जन्मतारखेचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचा फोटो, स्कॅन केलेला

एका वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. मी आजीवन काढला. घरी कळल्यावर आई म्हणाली, "आजीवन? एवढी खात्री हाय होय तुला?"

२. चार जिन्नस ओळखा

बिअर म्हणजे पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. १५१६ साली बव्हेरियात शुद्धतेचा जो नियम झाला त्यात तीनच जिन्नस होते, कारण यीस्ट नावाचा जीव असतो हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. ते कळायला पुढं साडेतीनशे वर्षं गेली.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, मग भाजलेलं बार्ली. नाचणीला मोड आणून बाळाचं सत्त्व करतात ना, तीच क्रिया. मोड आले की धान्यात असे घटक तयार होतात जे स्टार्चची साखर करतात. कमी भाजलं तर बिअर सोनेरी, जास्त भाजलं तर काळी. स्टाउट नावाच्या काळ्या बिअरला कॉफीचा वास येतो तो या भाजण्याचा.

हॉप्स ही एका वेलीची फुलं. कडवटपणा देतात, वास देतात, बिअर टिकवतात. आपल्याकडं ओळखीचं असं तुलनेला काही नाही, जवळचं म्हणजे कारल्याचा कडूपणा आणि संत्र्याच्या सालीचा वास एकत्र. लवकर टाकले की कडू, शेवटी टाकले की सुवासिक. फोडणी आणि वरून घातलेली कोथिंबीर यात जो फरक, तोच.

यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी देतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हे वाक्य लक्षात ठेवा, चौथ्या पायरीला त्याचा हिशेब लागणार आहे. बिअरची दोन मोठी कुळं, एल आणि लागर, यीस्टवरून ठरतात. एल प्रकारचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं. लागरचं यीस्ट १० अंशांच्या आसपास, सावकाश. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक हिरव्या-तपकिरी बाटल्या लागरच्या.

पाण्याबद्दल आत्ता एवढंच: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यीस्टला मानवत नाही.

३. जीभ तयार करा

करायच्या आधी चाखायला शिका. ज्याला चांगली बिअर कशी लागते हेच माहीत नाही त्याला आपली बिघडलीय हे कसं कळणार? माझी पहिली बॅच मी चार दिवस "वेगळी चव आहे" म्हणून मित्रांना पाजत होतो. ती व्हिनेगर होती.

दुकानात 'स्ट्राँग' लिहिलेली बाटली म्हणजे चांगली बिअर, हा आपल्याकडचा पक्का समज आधी सोडा. स्ट्राँगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतो आणि ती बर्फगार पितात कारण गार झाल्यावर चव कळतच नाही. क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या प्रमाणावर केलेली, नेमकी चव कळावी म्हणून करतात. सुरुवात दुकानातल्या गव्हाच्या बिअरनं करा. ताजी, पिंपातून येणारी प्यायची तर पुणं गाठा. महाराष्ट्रातली मायक्रोब्रुअरीची (जिथं करतात तिथंच पाजतात अशा छोट्या कारखान्याची) गोष्ट तिथूनच सुरू झाली, २००९ मध्ये डूलालीपासून. नंतर इंडिपेंडन्स आली, ग्रेट स्टेट एलवर्क्स आली. मधाच्या दारूत रस असेल तर मूनशाइन मीडरीही पुण्याचीच.

गाडी चालवत जाऊ नका. कोयना एक्सप्रेस आहे, एसटी आहे, आणि रात्री मुक्काम तिथंच करा. परत येताना घाटात कुणाच्या तरी भरवशावर बसायचं नाही. निघण्याआधी ड्राय डे नाही ना ते बघून घ्या. एका दोन ऑक्टोबरला आम्ही चौघं २३० किलोमीटर जाऊन ताक पिऊन आलो.

गेल्यावर मोठा ग्लास मागवू नका. छोटे टेस्टर मागा, पाच-सहा प्रकारांचे, आणि हलक्यापासून जडाकडं जा: गव्हाची, मग पेल एल (फिकट रंगाची एल), मग आयपीए (तिचीच जास्त हॉप्सची, कडू बहीण), शेवटी स्टाउट. उलटं केलंत तर आयपीएनंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल. मधे पाणी प्या, कोरडा पाव खा. मसाला पापड नको, त्यानं जीभ मरते. खिशातल्या वहीत प्रत्येकाच्या तीन गोष्टी लिहा: वास कशाचा आला, पहिल्या घोटाला काय लागलं, गिळल्यावर तोंडात काय राहिलं. शब्द आपलेच वापरा. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळाचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं नसतं की लवंग, दोन्ही यीस्टचं देणं. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखरचे धणे आणि संत्र्याची साल असते. पहिल्या घोटाला मी ओरडलोच, "अरे, हे तर धणे-जिऱ्याचं पाणी!"

जेवणाबरोबर काय? पांढऱ्या रश्श्याबरोबर गव्हाची. तांबड्याबरोबर कडू आयपीए घ्यायच्या फंदात पडू नका. हॉप्सचा कडूपणा तिखटाला आणखी पेटवतो, जाळ अन् धूर संगटच. तांबड्याला थोडी गोडसर, माल्टकडं झुकणारी बिअर लागते.

४. हात इथंच बसवा: गुळातली आल्याची बिअर

नावात बिअर असलं तरी ही बार्लीची नव्हे. आलं, गूळ, लिंबू आणि हवेतलं-सालीवरचं यीस्ट यांचं फसफसणारं पेय. स्वच्छता, तापमान, आंबवणं, बाटलीतला दाब या चारही गोष्टींची शाळा यात होते, आणि सामान सगळं मंडईत मिळतं. आंबवणं आपल्याला नवं नाही. यल्लम्माच्या आंबील यात्रेला ज्याच्या घरची आंबील छान जमते, त्याला हे शिकवायची गरजच नाही.

पण आधी दुसऱ्या पायरीवरचा तो हिशेब. यीस्ट साखरेतून वायू आणि अल्कोहोल जवळपास सारख्या वजनानं काढतं. म्हणजे जेवढा फेस, तेवढा अल्कोहोल. लिटरमागं चार ग्रॅम वायू झाला (सोड्यापेक्षा सौम्य फेस) की अल्कोहोल साधारण अर्धा टक्का झालेला असतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते मद्ययुक्त पेय. आणि दारूबंदी कायद्यातली मद्याची व्याख्या त्याहूनही रुंद आहे. म्हणून ही सौम्य फेसावर थांबवायची, फ्रिजमध्ये टाकायची, दोन-चार दिवसांत संपवायची. "आठवडाभर ठेवली तर चढंल काय?" असं विचारणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याला पाककृती देऊ नका. लहान मुलं, गरोदर बायका आणि दारू सोडलेली माणसं यांच्यासाठी हे पेय नाही. विकायचंही नाही.

लागणारं सामान:

- आलं पाव किलो, सालीसकट (सातारी मिळालं तर उत्तम)
- गूळ पाव किलो, गडद रंगाचा
- लिंबं दोन
- काचेची रुंद तोंडाची बरणी, फडक्याचा तुकडा, दोरा
- सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या, एक लिटरच्या दोन
- गाळणी, नरसाळं, स्वयंपाकाचा थर्मामीटर, ग्रॅमचा काटा

गुळाबद्दल दोन शब्द जास्त. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण आपल्याला हवा तो दिसायला देखणा पिवळाधमक नव्हे. गुऱ्हाळात रंग उजळावा म्हणून हायड्रॉस पावडर टाकतात, आणि तिच्यातलं गंधक यीस्टला नको असतं. मार्केट यार्डात नेहमीच्या व्यापाऱ्याला स्पष्ट सांगा, "बिनपावडरीचा, काळपट चालंल." माझ्या पहिल्या तीन बरण्या नुसत्या बसून राहिल्या. पिवळी ढेप बदलली आणि चौथी दोन दिवसांत बुडबुडायला लागली.

विरजण. पाणी उकळून पूर्ण गार करा, अर्धा लिटर बरणीत घ्या. त्यात दोन मोठे चमचे सालीसकट किसलेलं आलं आणि दोन चमचे गूळ. फडकं बांधा, झाकण लावू नका. रोज एक चमचा आलं, एक चमचा गूळ, आणि स्वच्छ चमच्यानं ढवळणं. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, थंडीत सहाव्या-सातव्या दिवशी कान लावलात तर बारीक चरचर ऐकू येते, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. वर फेसाची कड दिसते. वास आल्याचा आणि थोडा आंबूस हवा. बुरशी दिसली, हिरवी-काळी-गुलाबी कुठलीही, तर वरचा थर काढून पुढं जाऊ नका. सगळं फेकायचं.

पेय. १०० ग्रॅम आलं ठेचून एक लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळा. गॅस बंद करून १८० ग्रॅम गूळ विरघळवा, गाळा, आणखी एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घाला. आता थांबा. खरंच थांबा. थर्मामीटर ३० अंशांच्या खाली आला की मगच लिंबाचा रस आणि विरजणाचं गाळलेलं १०० मिली पाणी घालायचं. घाई केलीत तर यीस्ट मरतं, आणि तुम्ही दोन दिवस गुळाच्या सरबताकडं बघत बसता.

बाटली भरताना वर तीन बोटं जागा सोडा. बाटली प्लॅस्टिकचीच घ्या, कारण दाब बोटांना कळतो. दर सहा-आठ तासांनी दाबून बघा. ती घट्ट लागायला लागली की थेट फ्रिजमध्ये, दगडासारखी व्हायची वाट बघू नका. एप्रिलमध्ये हे एका दिवसात होतं, डिसेंबरात दोन-तीन दिवस लागतात. उघडताना बेसिनवर धरा आणि झाकण कणाकणानं फिरवा.

काच का नको ते सांगतो. गेल्या चैत्रात मी सरबताची देखणी काचेची बाटली भरली, फडताळात ठेवली आणि जोतिबाच्या यात्रेला गेलो. वाटलं, संध्याकाळी परत येऊ. आलो दुसऱ्या दिवशी दुपारी. बाटलीचा तळ जागेवर होता, बाकीची फडताळाच्या दारात रुतली होती. गूळपाणी छतापर्यंत गेलेलं, खाली मुंग्यांची रांग लागलेली, आणि उघड्या राहिलेल्या पिठाच्या डब्यात काचेचे कण. सगळं पीठ फेकलं. आईनं काही बोलायचं ठेवलं नाही. त्या वेळी समोर कुणी असतं तर डोळाच गेला असता. शोभेच्या बाटल्या शोभेलाच ठेवा.

५. कायदा परवानगी देतो तिथं: पहिली ४ लिटरची बॅच

आपल्याकडची बरीच पोरं शिकायला, कामाला बाहेर जातात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत कर नाही, पण सुरू करण्याआधी कस्टम कार्यालयाला कळवावं लागतं. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम बघा. मग पुढचं वाचा.

तिथले सगळे २० लिटरचं सांगतात. तुम्ही चार लिटर करा. बिघडली तर चारच लिटर ओतायची, आणि मोठं भांडं, मोठी शेगडी, जागा काही लागत नाही. धान्य भिजवून साखर काढायच्या भानगडीतही पहिल्यांदा पडू नका, कोरडा माल्ट अर्क (माल्टमधून काढलेल्या साखरेची तयार पूड) वापरा.

सामान: माल्ट अर्क ५०० ग्रॅम (फिकट), हॉप्स १४ ग्रॅम (सहा टक्के अल्फा आम्लाचे, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या घटकाचे, पाकिटावर लिहिलेलं असतं), एलचं कोरडं यीस्ट ५ ग्रॅम, झाकणाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) असलेलं आंबवायचं भांडं, हायड्रोमीटर (रस पाण्यापेक्षा किती जड आहे ते तरंगून दाखवणारी काचेची नळी), निर्जंतुक करायचं द्रावण, बिअरच्याच जाड तपकिरी बाटल्या आणि बुचं लावायचं यंत्र.

पाच लिटर पाण्यात अर्क विरघळवून उकळी आणा. पहिली उकळी उतू जाते, दुधासारखी, अचानक. तिथून हलायचं नाही. उकळी स्थिर झाली की ८ ग्रॅम हॉप्स, तासभर उकळणं, आणि शेवटची पाच मिनिटं उरली की बाकीचे ६ ग्रॅम. लिटरभर पाणी वाफ होऊन जातं. मग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांपर्यंत लवकर गार करा.

गार झाल्यावर जे जे त्या रसाला लागणार ते सगळं निर्जंतुक हवं: चमचा, नरसाळं, थर्मामीटर, तुमचा हातसुद्धा. फाउंड्रीत साच्यात ओलावा राहिला तर कास्टिंगला भोकं पडतात आणि दोष मागाहून दिसतो. इथंही तसंच, चूक आजची आणि वास तीन आठवड्यांनी. माझ्या पहिल्या बॅचचं व्हिनेगर एका न धुतलेल्या नळीमुळं झालं.

हायड्रोमीटर तरंगवून आकडा लिहून ठेवा, १.०४६ च्या आसपास येईल. साखर कारखान्यात रसाची ब्रिक्स, म्हणजे त्यातली साखर, बघतात तेच हे, फक्त मोजपट्टी वेगळी. (बॅटरीचा हायड्रोमीटर चालत नाही, त्याचे आकडे दुसरीकडंच सुरू होतात.) यीस्ट घाला, झाकण लावा, दोन आठवडे अंधाऱ्या, १८ ते २० अंशांच्या जागी ठेवा आणि उघडून बघू नका. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं धरू नका. माझी दुसरी बॅच त्याच समजुतीनं बाटलीत भरली होती. दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा मोजा, आकडा तोच आला तरच आंबणं संपलं. तो १.०१० आला असं धरा: दोन्ही आकड्यांतला फरक ०.०३६, त्याला १३१ नं गुणा, अल्कोहोल सुमारे ४.७ टक्के.

मग चार लिटरला २५ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून घाला, हलकेच ढवळा, बाटल्या भरा, बुचं लावा, आणखी दोन आठवडे. साखर काट्यावर मोजायची, अंदाजानं नाही. फडताळाची गोष्ट आठवा.

६. बिघडली का, कशानं

- व्हिनेगरचा वास: जिवाणू घुसले. स्वच्छता.
- हिरव्या सफरचंदाचा वास: घाई झाली, आणखी आठवडा ठेवा.
- लोणकढ्या तुपासारखा, लोण्यासारखा वास: बहुतेक यीस्टला शेवटचं काम पुरं करू दिलं नाही. कधी हेही जिवाणूंचं काम असतं.
- मक्याच्या उकडलेल्या कणसाचा वास: झाकण ठेवून उकळलंत. पुढच्या वेळी झाकण काढा.
- उग्र, जनावराच्या अंगासारखा वास: बाटलीला ऊन लागलं. तपकिरी काच त्यासाठीच असते.
- फेसच नाही: खोली गार होती. बाटल्या आठवडाभर उबेला ठेवून बघा.
- उघडताच अर्धी बाटली जमिनीवर: साखर जास्त, नाहीतर आंबणं संपायच्या आधी भरलीत. उरलेल्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये टाका, आणि हात लावताना जाड टॉवेल गुंडाळा.

यातले पहिले चार वास पुण्यात टेस्टर चाखतानाही कधीतरी भेटतात. भेटला की वहीत लिहा आणि बारवरच्या माणसाला विचारा. चांगल्या ठिकाणी तो वाद न घालता ग्लास बदलून देतो, आणि कामाची गडबड नसेल तर मागं नेऊन टाक्याही दाखवतो.